कोंबडीचे घर आणि माठातील पाणी

महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि त्यावर दोन गावे शोधा. एक, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळचे हर्णै बंदर. दुसरे, सोलापूर जिल्ह्यात नीरेच्या काठी वसलेले आमचे अकलूज. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर, म्हणजे १७.८ ते १७.९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मधले अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. अकलूजला सूर्य माथ्यावर आला की आठेक मिनिटांनी तो हर्णैला माथ्यावर येतो. सूर्याच्या दृष्टीने दोन्ही गावांत फरक असा एवढाच.

हवेच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी जगे आहेत. मे महिन्यातील एखाद्या दुपारी तीन वाजता अकलूजला पारा ४२ अंश सेल्सिअसवर असतो आणि हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास घुटमळत असते. त्याच वेळी हर्णैला तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असे चित्र दिसेल. पावसाचे म्हणाल तर दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. आमच्या माळशिरस तालुक्यात सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात.

आता प्रश्न असा : एकाच नकाशावरून ह्या दोन्ही गावी कोंबड्यांचे खुराडे बांधले तर चालेल काय? बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, "हर्णैची हवा सौम्य, तिथे कसेही बांधले तरी चालेल, अकलूजला मात्र काळजी घ्यावी लागेल." हे उत्तर निम्मेच बरोबर आहे. सौम्य हवेलाही स्वतःच्या खोडी असतात. आणि अकलूजच्या भाजून काढणाऱ्या हवेत थंडाव्याचा असा एक साठा दडलेला आहे, जो हर्णैच्या हवेत नाही. तो कसा, हे समजण्यासाठी प्रथम कोंबडीकडे पाहू या.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. आपल्याला एवढा ताप चढला तर आपण अंथरुणावरून उठणार नाही. दोन किलो वजनाची अंडी देणारी कोंबडी नुसती बसलेली असली तरी अन्नाच्या ज्वलनातून सुमारे १० वॅट उष्णता सतत निर्माण करीत असते. हजार कोंबड्यांची शेड म्हणजे एक-एक किलोवॅटच्या दहा शेगड्या रात्रंदिवस पेटलेल्या! ही उष्णता शरीराबाहेर गेलीच पाहिजे. ती साचू लागली आणि शरीराचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढले, तर कोंबडी मरते.

आपल्याला उकडले की घाम येतो. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत, आणि अंगावर पिसांची रजाई आहे. तेव्हा तिच्यापुढे मार्ग उरतात ते असे. थंड जमिनीला पोट टेकवून बसणे, हे वहन. पंख शरीरापासून दूर धरून वाऱ्याला वाट देणे, हे अभिसरण. तुरा, गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी आणि पाय ह्यांत अधिक रक्त खेळवून आसपासच्या थंड वस्तूंकडे उष्णता फेकणे, हे प्रारण. आणि चौथा मार्ग म्हणजे चोच उघडून धापा टाकणे. धाप टाकताना घशातील आणि श्वासमार्गातील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ आपला अप्रकट उष्मा शरीरातून घेऊन जाते.

पहिले तीन मार्ग केव्हा चालतात? जेव्हा भोवतालचे सारे कोंबडीपेक्षा थंड असते तेव्हाच. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हा नियम कोंबडीसाठी बदलत नाही. हर्णैची ३३ अंशांची हवा कोंबडीपेक्षा आठ अंशांनी थंड आहे, म्हणून तेथे वाऱ्याची झुळूक तिची उष्णता हरण करते. अकलूजची ४२ अंशांची हवा तिच्यापेक्षा एका अंशाने गरम आहे. येथे वारा तिला निववीत नाही. उलट ताप देतो. तीन दारे बंद झाली, उरले ते फक्त धापा टाकण्याचे.

ह्या एका दाराने काम भागेल काय? हिशोब करू या. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागते. १० वॅट म्हणजे तासाला ३६,००० ज्यूल. भागाकार केला की येतात १५ ग्रॅम. म्हणजे उन्हाच्या वेळी दर तासाला सुमारे तीन चहाचे चमचे पाणी कोंबडीने नुसत्या श्वासावाटे उडवून दिले पाहिजे. आणि धापा टाकणे हेही स्नायूंचे काम. त्यातून थोडी उष्णता पुन्हा तयार होतेच. शिवाय सारख्या धापांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त अधिक अल्कधर्मी होते आणि अंड्याच्या कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते. उन्हाळ्यात बाजारात पातळ कवचाची, हातात फुटणारी अंडी येतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता माठ आठवा. अकलूजच्या घरात मे महिन्यात माठातले पाणी दातांना झोंबेल इतके गार होते. कोकणातल्या घरी तोच माठ आणून ठेवा. पाणी जेमतेम चार-पाच अंशांनी उतरेल. माठ तोच, पाणी तेच. फरक हवेच्या तहानेत आहे. अकलूजच्या त्या दुपारच्या एक घनमीटर हवेत सुमारे ११ ग्रॅमच बाष्प असते, तर हर्णैच्या हवेत सुमारे २५ ग्रॅम. कोंबडीच्या फुप्फुसातून बाष्पाने भरून निघणारी हवा एका घनमीटरला जास्तीत जास्त ५४ ग्रॅम बाष्प नेऊ शकते. म्हणजे अकलूजला ४३ ग्रॅमांची जागा रिकामी, हर्णैला २९ ग्रॅमांची. धाप एकच, पण अकलूजची धाप दीडपट फळते.

तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून तो वाऱ्यात धरला तर तो जे तापमान दाखवितो ते म्हणजे बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त किती थंड करता येईल ती मर्यादा. वर दिलेल्या आकड्यांवरून अकलूजला हे ओले तापमान येते सुमारे २४ अंश आणि हर्णैला सुमारे २८ अंश. पुन्हा वाचा : अकलूजचे कमी आहे! पाण्याच्या मदतीने अकलूजची हवा तत्त्वतः १८ अंशांनी उतरविता येईल, हर्णैची फक्त पाच अंशांनी. म्हणून माझे मत असे, की हर्णैचे खुराडे वाऱ्यावर बांधावे आणि अकलूजचे पाण्यावर. बाकीचे बरेचसे तपशील ह्या एका गोष्टीतून निघतात.

जे दोन्ही गावी सारखे आहे ते आधी उरकून घेऊ. सूर्य दोघांचा एकच, म्हणून शेडचे आढे पूर्व-पश्चिम धरावे हा नियम दोघांनाही लागू. पुष्कळांना हा नियम पाठ असतो, पण त्याचे कारण विचारले की गडबड होते. ते भूमितीने पाहू.

आमच्या अक्षांशावर १२ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी नेमका माथ्यावर येतो. काठीची सावली काठीच्या पायाशीच पडते. ह्या दिवसांत सूर्य जवळजवळ आढ्याच्या रेषेतून चालत जातो. पूर्व-पश्चिम शेडच्या लांब बाजू उत्तर व दक्षिण दिशांना असल्याने ऊन आत शिरण्यास फारसा वाव मिळत नाही. आता तीच शेड दक्षिणोत्तर बांधली आहे असे समजा. वळचणीची उंची २.४ मीटर आणि छपराचा पुढे आलेला भाग १ मीटर. दुपारी साडेतीनला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. त्रिकोणमिती सांगते की ऊन पश्चिमेच्या जाळीतून आत सव्वा मीटर येईल. पाच वाजता सूर्य २५ अंशांवर उतरतो आणि ऊन चार मीटर आत पोचते. शेडची रुंदी साडेसात मीटर धरली तर अर्ध्याहून अधिक जमीन उन्हात. दिवसभर तापलेल्या हवेत कोंबड्या आधीच धापा टाकीत असतात, आणि नेमके त्याच वेळी हे ऊन! मग साऱ्या कोंबड्या पूर्वेकडच्या सावलीत एकमेकींना खेटून गर्दी करतात, आणि गर्दीत अधिकच गुदमरतात.

डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला ४९ अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम शेडमध्ये तेव्हा दक्षिणेकडून मीटरभर ऊन आत येते आणि जमिनीवर अंथरलेली तुसाची गादी वाळवते. एकाच वळचणीने मे महिन्यात सावली दिली आणि डिसेंबरात ऊन दिले, आणि त्यासाठी कोणाला काही हलवावे लागले नाही.

शेडची रुंदी आठ-नऊ मीटरांहून अधिक नसावी, हेही दोन्हीकडे सारखेच. त्याहून रुंद शेडमधून वारा आरपार जाईपर्यंत गरम आणि घाण होतो. लांबी हवी तेवढी वाढवा. आढ्यावर हवेला वर निघून जाण्यास फट ठेवावी आणि तिच्यावर छोटे दुसरे छप्पर घालावे. गरम हवा हलकी म्हणून वर जाते हे आपण शिकतोच. पण दमट हवाही त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, हे अनेकांना खरे वाटत नाही. पाण्याच्या रेणूचे वजन १८, आणि हवेच्या रेणूंचे सरासरी वजन २९. कोंबड्यांच्या श्वासातील वाफ म्हणूनच वर चढते. तिला वाट दिली नाही तर ती तेथेच साचेल.

आता अकलूजच्या छपराकडे वळू. भर दुपारी उघडा पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. वस्तूचे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ६५ अंशांचे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट खाली ओतते. कोंबडीचा ४० अंशांचा पृष्ठभाग सुमारे ५४५ वॅट परत फेकतो. निव्वळ भार झाला १९५ वॅटचा. छप्पर ४५ अंशांवर ठेवता आले तर हाच भार ३५ वॅट होतो, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्याही खाली. (नवा चकचकीत पत्रा आतल्या बाजूने बराच कमी उत्सर्जन करतो, पण तो तसा किती दिवस राहतो? धूळ आणि गंज चढला की संपले.) छपराला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा त्यावर उसाचे पाचट पसरावे. आमच्या भागात पाचटाला तोटा नाही. कित्येकजण ते शेतातच जाळतात. पाचटाच्या थरात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. मात्र पाचट लवकर पेटते, म्हणून विजेच्या तारा त्याच्याजवळून नेऊ नयेत आणि ते बांधून घट्ट बसवावे.

आणि मग पाणी. वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या जाळीवर गोणपाटे सोडायची आणि ती ओली ठेवायची. वर एक भोके पाडलेली नळी बांधली की काम भागते. हजार कोंबड्यांची १० किलोवॅट उष्णता शोषण्यास तासाला १५ लिटर पाण्याची वाफ पुरते. बाहेरून येणाऱ्या गरम हवेचीही उष्णता काढावयाची असल्याने प्रत्यक्षात पाणी ह्याच्या काही पट लागते, पण तरी विहिरीच्या मानाने ते काहीच नव्हे. आता मोठ्या बंदिस्त शेडमध्ये एका टोकाला ओल्या जाळीदार पुठ्ठ्यांची भिंत आणि दुसऱ्या टोकाला मोठे पंखे बसवितात. तत्त्व आपल्या माठाचेच. पण त्या शेडचे प्राण विजेच्या तारेत असतात. भर दुपारी वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही, तर काही मिनिटांतच आत हाहाकार उडतो. ज्याच्याकडे भरवशाची वीज नाही त्याने गोणपाटाला कमी लेखू नये.

येथेच एक घात होतो, आणि तो चांगल्या हेतूने होतो. झळा लागू नयेत म्हणून काहीजण चारही बाजूंनी ओली गोणपाटे सोडून शेड बंद करतात. पहिला अर्धा तास गार वाटते. मग गोणपाटांची वाफ, हजार कोंबड्यांच्या श्वासांची वाफ, विष्ठेतील ओल, सारे आत कोंडते. हवेची तहान भागते आणि बाष्पीभवन मंदावते. आत तापमान ३६ अंश दिसते, बाहेर ४२. मालक खूश असतो. पण ३६ अंशांच्या संपृक्त हवेत धाप फळत नाही, आणि वारा कोंडलेला असल्याने इतर दारेही उघडत नाहीत. संध्याकाळी मेलेल्या कोंबड्या गोळा कराव्या लागतात. कर्ज काढून पाचशे-हजार पक्षी घेतलेल्या कुटुंबाचे एका दुपारीत कंबरडे मोडते. तेव्हा नियम एवढाच : एक बाजू ओली, समोरची बाजू उघडी, आढ्यावरची फट उघडी.

पिण्याच्या पाण्याबद्दल थोडे. छपरावरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी दुपारी हात भाजेल असे असते. थंड पाणी पोटात जाऊन किती उष्णता शोषील? ३०० ग्रॅम पाणी २० अंशांनी तापण्यास सुमारे २५ किलोज्यूल लागतात. कोंबडीची दिवसाची उष्णता ८६० किलोज्यूलांच्या घरात. म्हणजे तीन टक्के, फार नव्हे. खरे कारण वेगळे आहे : गरम पाणी कोंबडी पीतच नाही, आणि मग धापेसाठी पाणी आणणार कोठून? म्हणून टाकी सावलीत ठेवावी आणि नळी जमिनीत पुरावी. खाद्यही पहाटे आणि सूर्यास्तानंतर द्यावे. पचनाची उष्णता भर दुपारी नको.

हर्णैला ह्यातले बरेचसे उलटे होते. तेथे ओले गोणपाट टांगणे म्हणजे आधीच दमट असलेल्या हवेत भर घालणे. तेथील मित्र आहे दुपारचा खारा वारा. समुद्र सावकाश तापतो, जमीन लवकर. जमिनीवरची हवा वर उचलली जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हा वारा साधारण पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, आणि इथे पंचाईत होते. उन्हासाठी आढे पूर्व-पश्चिम पाहिजे, तर वाऱ्यासाठी पश्चिमेला तोंड पाहिजे. मोठी शेड असेल तर आढे थोडे तिरके करून उत्तरेकडची लांब बाजू वायव्य वाऱ्याला द्यावी. परसातले दहा कोंबड्यांचे खुराडे असेल तर भांडणच नाही : चारही बाजूंना जाळी लावावी आणि ते नारळी-पोफळीच्या बागेत ठेवावे. उंच खोडांवरून सावली पडते आणि खालून वारा मोकळा खेळतो. दाट फांद्यांच्या बुटक्या झाडाखाली मात्र ठेवू नये.

कोकणातला खरा शत्रू येतो जूनमध्ये. पक्ष्यांच्या मूत्रातील युरिक आम्ल विष्ठेबरोबरच पडते. गादी ओली राहिली की जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात. खुराड्यात वाकल्याबरोबर आपल्या डोळ्यांना झोंबले, तर समजावे की चोवीस तास तेथे राहणाऱ्या कोंबडीचे डोळे आणि श्वासमार्ग केव्हाचे सुजले आहेत. रक्ती हगवण लावणारे कॉक्सिडिया नावाचे परजीवीही ओलीतच रोगकारक बनतात. म्हणून तेथे खुराडे दोन-तीन फूट उंच खांबांवर न्यावे आणि तळाला फटी ठेवून पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि हवा तळातूनही येते. मुंगूस आणि साप ह्यांनाही थोडा अटकाव होतो, मात्र जाळी बारीक हवी. जमिनीवरच बांधायचे तर जांभ्याचे उंच जोते घालावे. छप्पर कौलारू आणि चांगले उतरते, वळचण सव्वा मीटरपर्यंत खाली आलेली असावी. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूंना झावळ्यांचे झाप वरखाली करता येतील असे टांगावेत. उत्तरेची बाजू भर पावसातही बंद करू नये. कोंबडीला त्या थंडाव्याने काही होत नाही, ओलीने होते. गादी भाताच्या तुसाची. मूठभर उचलून दाबावी; मूठ उघडताच ती मोकळी झाली तर ठीक, लाडू तसाच राहिला तर बदलावी.

जागा दोन्हीकडे गादी पद्धतीत एका अंडी देणाऱ्या कोंबडीला दोन चौरस फूट धरतात. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरते.

शाळेत करून पाहण्यासारखा प्रयोग सोपा आहे. दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर मलमलचे ओले फडके गुंडाळा आणि त्याचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही सावलीत, वाऱ्याला टांगा. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत रोज दुपारी तीनला दोन्ही तापमाने वहीत लिहा आणि त्यांतील फरकाचा आलेख काढा. कोकणातल्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करून त्यांचाही आलेख मागवला तर फारच चांगले.

अकलूजचा आलेख मे महिन्यात १५ ते १८ अंशांवर असेल आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर धाडकन खाली येईल. हवा ३४ अंशांची, ढगाळ, दमट, आणि फरक पाच-सहा अंशांचा. त्या दिवशी आमच्या शेडमधल्या कोंबड्यांना हर्णैची हवा लागलेली असते. काहीजण अजून उकडते म्हणून गोणपाटे ओली करीतच राहतात, आणि कोंबड्या अधिकच धापा टाकतात. वहीतला फरक सहाच्या खाली आला की पाण्याची नळी बंद करावी, गोणपाटे काढून वाळत घालावीत, जाळ्या साऱ्या बाजूंनी मोकळ्या सोडाव्यात आणि पंखा असेल तर तो लावावा.